जर्मन शिकताना मराठी सोबत ठेवा: परक्या देशातल्या माणसांशी बोलायला शिकण्याचे टप्पे

पुण्यात जर्मनचा नवा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एक वाक्य जर्मनमध्ये सांगायला लावते: 'मला थंडी वाजते.' बहुतेक जण मनातल्या मनात आधी त्याचं इंग्रजी करतात आणि मग म्हणतात, 'इख बिन काल्ट'. शब्द सगळे जर्मनच, पण ऐकणाऱ्याला त्यातून 'मी थंड काळजाची आहे' असं काहीतरी कळतं. खरं वाक्य आहे 'मीर इस्ट काल्ट'. 'मीर' म्हणजे 'मला'. मराठीतून थेट गेलं असतं, तर वाक्य आपोआप जागेवर पडलं असतं.

शिक्षणासाठी, कामासाठी किंवा एखाद्या वर्षासाठी जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या आणि त्यासाठी भाषा शिकणाऱ्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाशी नीट बोलता येणं हे वेगळं शास्त्र म्हणून शिकवलं जातं, पण माझा अनुभव असा की त्याची सुरुवात आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष देण्यापासून होते. आपण काय बोलतो, का बोलतो, कुठे गप्प बसतो हे ज्याला दिसतं, त्याला समोरच्याचंही दिसायला लागतं. मी स्वतः ट्यूबिंगनला, श्टुटगार्टजवळच्या नेकार नदीकाठच्या विद्यापीठाच्या गावात, एक वर्ष राहिले आहे. उदाहरणं बरीचशी तिथलीच आहेत.

पहिला टप्पा: आधी मराठी मांडून बघा

वर्गात नाव घालण्याआधी एक जाड वही घ्या. डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर मराठी. इंग्रजीला या वहीत जागा नाही. सुरुवातीला हे अवघड वाटेल, कारण पुस्तकं आणि ॲप बहुतेक इंग्रजीतून शिकवतात. पण पंधरा दिवसांत फरक कळतो.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत: डेर, डी, डास. मराठीतही तीन: तो, ती, ते. खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' का, हे आपण कधी कुणाला विचारलं नाही, नुसतं ऐकून शिकलो. जर्मनही तसंच शिकायचं, शब्दाबरोबर लिंग पाठ करायचं. 'डास मेडशेन', म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून पुण्या-मुंबईची मुलं चक्रावतात. कोकणातून किंवा गोव्यातून आलेली मुलं शांत असतात, कारण कोकणीत 'तें चेडूं' हेच म्हणतात.

आकड्यांचंही तसंच. 'फीअरउंटफ्युन्फत्सिश' म्हणजे चार-आणि-पन्नास. आपल्या 'चोपन्न'मध्येही 'चो' आधी आणि 'पन्न' नंतर. 'मला आवडतं'साठी 'एस गेफेल्ट मीर', पुन्हा 'मला'. 'वाइल' म्हणजे 'कारण'. त्याने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, जसं आपलं नेहमीच जातं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट तुमच्या जिभेवर लहानपणापासून आहे.

फसगतही होते, तीही वहीत लिहा. कुणी विचारलं, 'तुला हे नको ना?' तर आपण म्हणतो, 'हो, नको.' जर्मनमध्ये नको असेल तर 'नाइन' म्हणायचं. हवं असेल तर 'डॉख', म्हणजे 'हवंय की!' चुकून 'या' म्हणालात तर समोरचा गोंधळतो. घराबाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. ते शब्दशः जर्मनमध्ये सांगितलंत तर समोरचा तुमची वाट बघत बसेल.

दुसरा टप्पा: वाक्य काय काम करतंय ते ऐका

शब्दांचा अर्थ शब्दकोशात मिळतो. वाक्यातली माया, आर्जव, घाई, आश्चर्य मात्र फार छोट्या शब्दांत असते. मराठीत 'जरा', 'ना', 'की', 'बरं', 'गं', 'रे' काढून टाका, मराठी कोरडी पडते. जर्मनमध्ये हेच काम 'माल', 'डॉख', 'या', 'डेन' हे शब्द करतात. 'कॉम माल हेर' म्हणजे 'जरा इकडे ये'. 'कॉम डॉख मिट' म्हणजे 'चल की आमच्याबरोबर'. 'डास इस्ट या श्योन' म्हणजे 'छानच आहे की हे!' लहान मुलीला 'वी हाइस्ट दू डेन?' विचारलं तर ते 'नाव काय गं तुझं?' असतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे शब्द निरर्थक भरती वाटतात, म्हणून तो ते गाळतो आणि त्याचं जर्मन हुकूम सोडल्यासारखं ऐकू येतं. तुम्ही गाळू नका. रोज एक घ्या आणि त्याचा मराठी जोडीदार शोधा.

मग 'दू' आणि 'झी'. यावर मी वर्गात दोन पूर्ण तास घालवते. 'दू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही, असं सांगून विषय संपत नाही. बऱ्याच मराठी घरांत आई 'तू' असते आणि बाबा 'तुम्ही'. आजी 'तू', आजोबा 'तुम्ही'. विठोबा तर 'तू'च. जर्मन घरात सगळेच 'दू', वडीलही आणि देवसुद्धा. शिवाय आपण म्हणतो 'बाबा आले', जर्मनमध्ये वडिलांसाठी क्रियापद एकवचनीच राहतं. माझ्या एका विद्यार्थिनीला कितीतरी दिवस ते वाक्य म्हणताना अवघडल्यासारखं व्हायचं, जणू वडिलांचा मान आपण कमी करतोय. मी तिला सांगितलं, तिथे घरातला मान क्रियापदात ठेवत नाहीत, दुसरीकडे ठेवतात. तो कुठे ठेवतात हे शोधणं हाच तुझा अभ्यास.

घराबाहेर नियम साधा आहे. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी' आणि आडनाव. 'दू'वर यायचा प्रस्ताव वयानं किंवा हुद्द्यानं मोठा असलेला मांडतो. विद्यार्थी आपापसांत पहिल्या मिनिटापासून 'दू' म्हणतात, कितीतरी कंपन्यांतही आता तेच चालतं. शंका असेल तर 'झी'नं सुरू करा. आणि बेकरीत 'इख विल', म्हणजे 'मला पाहिजे', म्हणू नका. 'इख हेट्टे गेर्न' म्हणा. 'दोन पाव द्या ना' यातला 'ना' त्या 'हेट्टे गेर्न'मध्ये आहे.

तिसरा टप्पा: इथे असतानाच सराव

पुण्यात बोट क्लब रोडवर आणि मुंबईत काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवन, म्हणजे जर्मनीच्या गोएथे संस्थेचं केंद्र, आहे, पुण्यात विद्यापीठाचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालतात, खासगी वर्गही पुष्कळ आहेत. गावात काहीच नसेल तर डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत ऑनलाइन धडे आणि त्यांच्या सावकाश वाचलेल्या बातम्या यांवर चांगली पायाभरणी होते. युरोपात भाषा मोजायच्या पायऱ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात. पहिल्या ए१ पातळीला साधारण ६५० शब्द लागतात, तिसऱ्या बी१ला सुमारे २,४००. माझं स्पष्ट मत आहे की बी१ होईपर्यंत जर्मनीला जायची घाई करू नये. त्याआधी गेलं की लोक दया म्हणून इंग्रजीत बोलतात, आणि मग तुमची जर्मन तिथेच थांबते.

गोएथे संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. संभाषणात एखाद्या विषयावर छोटं सादरीकरण करायचं असतं आणि त्यात 'तुमच्या देशात परिस्थिती कशी आहे' हा मुद्दा हमखास असतो. इथे मुलं सुरू होतात, 'भारतात सगळे लोक...' मी तिथेच थांबवते. सगळे म्हणजे कोण? तुझ्या घरी कसं आहे? सोलापूरला तुझ्या मामाकडे? नाशिकला तुझ्या मैत्रिणीच्या घरी? 'आमच्या घरी असं आहे, मात्र शेजारच्या घरी वेगळं' असं बोलायची सवय लागली की 'जर्मन लोक असेच असतात' हे वाक्यही तोंडातून निघत नाही. मला परीक्षेच्या गुणांपेक्षा ही सवय मोलाची वाटते.

चौथा टप्पा: कसं जायचं

इथे थोडक्यातच सांगते, कारण नियम आणि रकमा बदलत राहतात. अर्ज करताना जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरची ताजी माहितीच खरी माना. १९२५मध्ये स्थापन झालेली डाड ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांसाठीही शिष्यवृत्त्या देत आली आहे. तीन-चार आठवड्यांचा तो मुक्काम पहिल्या ओळखीसाठी उत्तम. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना २०२२च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ लागतो, लवकर सुरुवात करा. भाषा आणि माणसं हाच हेतू असेल तर दोन वाटा मला फार आवडतात. एक, स्वयंसेवक म्हणून वृद्धाश्रमात, बालवाडीत किंवा दिव्यांगांच्या संस्थेत काम करणं. दुसरी, ओ-पेअर म्हणून एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळणं. ओ-पेअरला वयाची अट २७च्या आतली आहे, किमान ए१ लागतं आणि काम आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त असता कामा नये. ही ३० तासांची मर्यादा लक्षात ठेवा आणि कुटुंबाशी आधीच लेखी बोलून घ्या.

पाचवा टप्पा: पहिला महिना, घर आणि घड्याळ

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते. घरमालकाचं पत्र आधीच मागून ठेवा आणि नोंदणीची वेळ आगाऊ ठरवून घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर शांतता. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारी आणा. कचरा चार-पाच डब्यांत वेगळा करायचा असतो, पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विचारलंत तर ओळखही होते.

घड्याळाची गोष्ट मात्र सावकाश समजून घ्या. मला एकदा रविवारी 'हाल्प त्सेन'ला नाश्त्याला बोलावलं होतं. 'त्सेन' म्हणजे दहा, 'हाल्प' म्हणजे अर्धा, मी साडेदहा समजले आणि साडेदहाला फुलं घेऊन पोचले. टेबलावरची अंडी गार झाली होती. 'हाल्प त्सेन' म्हणजे साडेनऊ. दहाकडे निघालेला अर्धा तास. आपण 'पावणेदहा' म्हणताना जसे पुढच्या दहाकडे बघतो, तसंच. ट्यूबिंगनच्या बाजूला तर लोक 'फीर्टेल त्सेन' म्हणजे सव्वानऊ आणि 'ड्रायफीर्टेल त्सेन' म्हणजे पावणेदहा असंही म्हणतात. आपलं पावणे-सव्वा ज्याला येतं, त्याला हे एका दिवसात येतं. उशीर होणार असेल तर पाच मिनिटांचा असला तरी आधी कळवा.

श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्ट-ट्यूबिंगनच्या भागात, 'केअरवोखे' असते. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवडा वाटून जिना झाडायचा. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते. माझ्या पहिल्या पाळीला मी जिना झाडला, पुसला, पाटी पुढच्या दाराला लावली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या आणि म्हणाल्या, 'झी हाबेन डेन गेवेग फेर्गेसेन', तुम्ही फुटपाथ विसरलात. ना नमस्कार, ना हसू. मी झाडू घेऊन खाली गेले, फुटपाथ झाडला आणि खोलीत येऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्याच बाई दाराशी आल्या, हातात घरी केलेल्या प्लमच्या जॅमची बाटली. आदल्या दिवशीच्या वाक्यात राग नव्हताच. फुटपाथ राहिला होता, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

सहावा टप्पा: एका वाक्याचे चार पदर

त्या प्रसंगानं मला जे शिकवलं, ते हाम्बुर्गचे मानसशास्त्रज्ञ फ्रीडेमान शुल्त्स फॉन तून यांच्या मांडणीत फार नेटकं बसतं. त्यांच्या मते प्रत्येक बोलण्याला चार बाजू असतात: गोष्ट काय आहे, बोलणारा स्वतःबद्दल काय सांगतोय, आपल्या दोघांच्या नात्याबद्दल काय सांगतोय आणि त्याला आपल्याकडून काय हवंय. बाई गोष्टीबद्दल बोलत होत्या. मी नात्याबद्दल ऐकत होते. आपल्याकडे उलटं घडतं. 'बघू', 'नक्की प्रयत्न करतो', 'हो हो, येतो' ही वाक्यं आपण नातं जपायला बोलतो, आणि जर्मन माणूस त्यातली फक्त गोष्ट ऐकून तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवतो.

म्हणून वहीत आता नवीन पान सुरू करा. प्रसंग लिहा. काय शब्द वापरले गेले, जसेच्या तसे. मला काय ऐकू आलं. हेच मराठीत कुणी कसं बोललं असतं. चौथी ओळ रिकामी सोडा आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणा स्थानिकाला विचारून भरा. विचारायला 'वी माइनेन झी डास?' हे वाक्य पाठ करा, म्हणजे 'तुम्हाला यातून काय म्हणायचंय?' तिथे हा प्रश्न उद्धट मानत नाहीत. वर्गातही 'मला समजलं नाही' म्हणणारा विद्यार्थी लक्ष देणारा समजला जातो, गप्प बसणाऱ्याला सगळं कळलंय असं धरतात. श्वाबियात एक म्हण आहे, रागावलो नाही म्हणजे पुष्कळ कौतुक केलं. तुमचा प्रबंध तपासून कुणी नुसतं 'ठीक' म्हणालं तर खचू नका.

आपल्याही प्रश्नांकडे बघा. 'जेवलीस का?' हा आपला मायेचा प्रश्न तिथे जेवायला बोलावण्यासारखा वाटू शकतो. पगार विचारू नये. 'इख लाडं दिख आइन' म्हणाल तर बिल तुम्ही भरणार असा अर्थ होतो, नुसतं 'ये' असा नाही. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिथे ते अशुभ मानतात. 'येतो' आणि 'जातो' पाळणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

सातवा टप्पा: इतिहासाशी सामना

हा टप्पा टाळू नका. दिवाळीत दारासमोर स्वस्तिक काढणं आपल्यासाठी मंगल आहे. जर्मनीत त्या आकाराची 'हाकेनक्रॉइत्स' म्हणून ओळख आहे, ते नाझींचं चिन्ह होतं आणि नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवायला दंडविधानाच्या ८६अ कलमानं बंदी आहे. धार्मिक वापर हा वेगळा विषय असला, तरी जिन्यातून जाणाऱ्या शेजारणीला तो फरक दिसेलच असं नाही. कदाचित तिच्या घरातलं कुणी छळछावणीत गेलं आणि परतच आलं नसेल. मी तिथे कमळाची रांगोळी काढली आणि स्वस्तिक देवघरात ठेवलं. कुणी विचारलं तर समजावून सांगायला चार वाक्यं आधीच तयार ठेवली होती.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्याकडे काही जण हिटलरबद्दल शिस्तीचा माणूस म्हणून कौतुकानं बोलतात. जर्मन माणसाशी मैत्री करायला म्हणून हे बोललात तर ती मैत्री तिथेच संपेल, आणि संपायलाच हवी. जाण्याआधी त्या काळाबद्दल नीट वाचा. गेल्यावर फुटपाथवर चालताना दगडांमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी पाट्या दिसतील. त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात. गुंटर डेमनिश या कलाकारानं १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. हे वाचायला जेमतेम ए२ची जर्मन पुरते. वाकून वाचावं लागतं. पहिल्यांदा वाचाल तेव्हा बरोबर कुणी स्थानिक मित्र असेल तर चांगलं.

आठवा टप्पा: माणसं जोडणं

गणपतीत मराठी मंडळात जरूर जा, आरती म्हणा, मोदक खा. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायला लागतो, तेव्हा त्या घरांचा खूप आधार असतो. पण आठवड्यातली एक संध्याकाळ जर्मनच्या नावावर ठेवा. तिथे प्रत्येक गावात 'फेराइन', म्हणजे मंडळं, असतात: गायनाचे, पायी भटकण्याचे, बुद्धिबळाचे, बागकामाचे. मैत्री सावकाश होते, दर मंगळवारी तीच माणसं भेटत राहिली की होते. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे गावच्या प्रौढशिक्षण केंद्रात, स्वस्तात वर्ग मिळतात, विद्यापीठात टँडेम जोडीदार मिळतो, अर्धा तास तो तुम्हाला जर्मन शिकवतो आणि अर्धा तास तुम्ही त्याला मराठी. मी गायनाच्या मंडळात गेले. पहिले तीन महिने कुणी घरी बोलावलं नाही. चौथ्या महिन्यात ज्यांनी बोलावलं, ते आजही आमचे आहेत.

शेवटचा टप्पा: परत आल्यावर

वही पुन्हा वाचा, आणि ती दोन्ही बाजूंना उपयोगी पडू द्या. त्या गायनमंडळातली मैत्रीण दोन वर्षांनी पुण्याला आमच्या घरी राहायला आली. ट्यूबिंगनला तिच्या आईनं मला 'आणखी बटाटे?' विचारलं होतं, मी रीतीप्रमाणे 'नाइन, डांके' म्हणाले होते आणि भांडं उचललं गेलं होतं. तिथे एकदाच विचारतात. नुसतं 'डांके' म्हणालं तरी नकोच समजतात, हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणायचं. त्या रात्री मी खोलीत जाऊन बिस्किटं खाल्ली होती.

आता पानावर मैत्रीण होती आणि वाढायला माझी आई. तुमच्याकडे असा पाहुणा येणार असेल तर जेवणाआधी दोघांशी वेगवेगळं बोलून घ्या. मी आईला सांगितलं, तिनं नको म्हटलं की पोळीवर तूप घालू नकोस, ती खरंच नको म्हणतेय. मैत्रिणीला सांगितलं, आई तीनदा विचारेल, त्यात तुझा अपमान नाही, पोट भरलं की ताटावर हात आडवा धर. आईनं तरी दुसऱ्यांदा विचारलंच, 'अर्धी घे की गं.' मैत्रिणीनं हात आडवा धरला, मग माझ्याकडे वळून जर्मनमध्ये विचारलं, 'तो शेवटचा शब्द, 'गं', म्हणजे 'डॉख' का?'

मी म्हटलं, 'डॉख' आधीच्या 'की'मध्ये आहे. 'गं' म्हणजे तू तिची झालीस.